इअरबड्स घेताना फोनही बघा

दीड हजाराचे इअरबड्स असोत की पंचवीस हजारांचे, खोक्यावर दोन गोष्टींची ग्वाही हमखास असते: आवाज उत्तम आणि उशीर नाही. महागड्या खोक्यावर ‘हाय-रेस’चा सोनेरी शिक्का किंवा ‘लॉसलेस’ हा शब्द असतो, स्वस्तातल्या खोक्यावर ‘गेमिंग मोड, ४० मिलिसेकंद’. हे दावे खोटेच असतात असं नाही, पण ते अर्धे असतात, कारण ते फक्त कानात घालायच्या वस्तूबद्दल बोलतात. आवाज फोनमधून निघतो, हवेतून जातो आणि मग कानात पोचतो. या वाटेवर जिथे सगळ्यांत कमी पडतं, तिथेच आपल्याला काय ऐकू येणार हे ठरतं. म्हणून दुकानात जाण्याआधी आपल्याकडे कोणता फोन, लॅपटॉप, टीव्ही आहे आणि त्यावर आपण नेमकं काय करतो, हे नीट मनाशी मांडावं. पैसे वाचतात आणि पुढची चिडचिडही.

लॉसलेस म्हणजे किती?

माप म्हणून सीडी घेऊ. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डाव्या-उजव्या कानांसाठी वेगळा. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. ‘फ्लॅक’ किंवा अ‍ॅपलचं ‘अ‍ॅलॅक’ ही माहिती दाबून साधारण निम्म्या-पाऊण जागेत बसवतात, पण उघडताना प्रत्येक बिट जसाच्या तसा परत मिळतो. लॉसलेस म्हणतात ते याला. एमपी३ आणि एएसी यांची रीत वेगळी. मोठ्या आवाजाच्या आड जो बारीक आवाज कानाला जाणवणारच नाही, तो ते टाकून देतात. टाकलेलं परत येत नाही.

आता ब्लूटूथकडे वळू. नेहमीच्या ब्लूटूथचा कागदावरचा सर्वाधिक वेग सेकंदाला ३ मेगाबिट. त्यातला काही भाग पत्ते, तपासणी आणि पोच-पावत्यांत जातो, काही चुकलेलं पुन्हा पाठवण्यात. त्यातही ही सगळी ये-जा २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते. घरातला वायफाय, शेजारच्यांचा वायफाय, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि आसपासच्या प्रत्येकाचे इअरबड्स त्याच पट्ट्यात असतात. शिवाय माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि ते या लहरी शोषून घेतं. मागच्या खिशात फोन ठेवून चालताना आवाज मध्येच तुटतो, त्याचं एक कारण हे.

म्हणून ब्लूटूथवर पाठवण्याआधी आवाज पुन्हा एकदा दाबला जातो. हे काम करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी हा कोडेक ब्लूटूथवर संगीत वाजवणाऱ्या प्रत्येक उपकरणात असावाच लागतो. त्याचा वेग साधारण ३२८ किलोबिटपर्यंत. आयफोन एसबीसीशिवाय एएसी वापरतो, साधारण २५६ किलोबिटचा. क्वालकॉमचा अ‍ॅप्टएक्स ३५२, अ‍ॅप्टएक्स एचडी ५७६. सोनीचा एलडॅक ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिट अशा तीन पायऱ्यांवर चालतो आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून तो अँड्रॉइडमध्येच मिळतो.

हे आकडे १,४११ शेजारी ठेवून पाहा. एलडॅक अगदी वरच्या पायरीवर असला तरी तो लॉसलेस नाही. ‘हाय-रेस वायरलेस’चा शिक्का असलेले बहुतेक इअरबड्स याच वर्गातले. आवाज चांगला असतो, यात शंका नाही. पण लॉसलेस समजून त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत.

खऱ्या अर्थाने सीडीइतका आवाज ब्लूटूथवरून पाठवण्याची सोय क्वालकॉमने २०२१ मध्ये ‘अ‍ॅप्टएक्स लॉसलेस’ या नावाने जाहीर केली. त्यासाठी फोनमध्ये आणि इअरबड्समध्ये, दोन्हीकडे क्वालकॉमची ठरावीक चिप आणि ठरावीक सोय लागते. शिवाय संपर्क क्षीण झाला की हा कोडेक आपोआप खाली उतरतो आणि आवाज पुन्हा काटछाट करून येऊ लागतो. घरात, फोन समोर टेबलावर असताना लॉसलेस मिळेल. दादर स्टेशनच्या पुलावर ते मिळेल अशी अपेक्षा धरू नये. यापुढची वाट वायफायची आहे. इअरबड्सशी वायफायवरून बोलण्याचं तंत्र क्वालकॉमने आणलं आहे, त्यात ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिटांपर्यंत आवाज जाऊ शकतो. पण अशा जोड्या अजून मोजक्या आहेत, आणि तिथेही अट तीच: दोन्ही टोकं त्या तंत्राची हवीत.

ही अट किती कडक आहे हे अ‍ॅपलच्या उदाहरणावरून नीट कळतं. जून २०२१ मध्ये अ‍ॅपल म्युझिकने वेगळे पैसे न घेता लॉसलेस गाणी द्यायला सुरुवात केली. पण तेव्हाचा एकही एअरपॉड ब्लूटूथवरून ती लॉसलेस ऐकवू शकत नव्हता. २०२३ मध्ये यूएसबी-सी पेटीचे एअरपॉड्स प्रो २ आले तेव्हा अ‍ॅपलने सांगितलं, की हे व्हिजन प्रो या हेडसेटशी जोडले तर २० बिट, ४८ किलोहर्ट्‌झचा लॉसलेस आवाज अगदी कमी उशिराने ऐकू येईल. तेच एअरपॉड्स आयफोनला जोडले की पुन्हा एएसी. कानातली वस्तू तीच, पलीकडचं यंत्र बदललं, आणि निकाल बदलला. यूएसबी-सी असलेल्या एअरपॉड्स मॅक्सना २०२५ मध्ये एका अपडेटने २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झचं लॉसलेस मिळालं, तेही तार जोडल्यावरच.

तेव्हा आयफोन वापरणाऱ्यांनी एलडॅक किंवा अ‍ॅप्टएक्ससाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. आयफोन ते वापरतच नाही. सॅमसंगच्या गॅलेक्सी बड्सचा खास कोडेक सॅमसंगच्याच फोनवर चालतो; दुसऱ्या कंपनीच्या फोनवर ते बड्स एएसी किंवा एसबीसीवर येतात. अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या माहितीपत्रकात ब्लूटूथ कोडेकची यादी शोधा आणि इअरबड्सच्या यादीशी ताडून बघा. दोन्हीकडे जे नाव सामाईक असेल, तेवढंच तुमचं.

एवढं सांगितल्यावर मला मनापासून वाटतं ते सांगतो. चांगल्या एएसीने किंवा एलडॅकने पाठवलेलं गाणं आणि लॉसलेस गाणं यांतला फरक, कोणतं कुठलं हे न सांगता ऐकवलं, तर बहुतेकांना ओळखता येत नाही. शांत खोलीत, उत्तम हेडफोनवर, ओळखीचं ध्वनिमुद्रण सराईत कानाने ऐकताना तो कधी जाणवतो. लोकलच्या डब्यात किंवा एसटीत तो जाणवायची शक्यता जवळजवळ नाही. त्याहून कितीतरी मोठा फरक पडतो तो कानात नीट बसण्याने. सिलिकॉनची बोंडं सैल बसली की खर्ज निघून जातो, तबल्याचा बायाँ पोकळ वाटतो, आणि मग माणूस कोडेकला दोष देतो. खोक्यात बोंडांचे तीन-चार आकार दिलेले असतात; ते सगळे घालून बघा. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळा आकार लागला तर त्यात काही गैर नाही.

मूळ ध्वनिमुद्रणाची मर्यादाही ध्यानात असू द्या. बालगंधर्वांची नाट्यपदं ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेली आहेत. ती लॉसलेसमध्ये ऐकली तर तबकडीची खरखर जशीच्या तशी मिळेल. त्या आवाजाचं वैभव त्या खरखरीतूनही पोचतं, पण मुळात मुद्रित न झालेला तपशील कुठलाही कोडेक निर्माण करू शकत नाही.

उशीर कुठे होतो आणि कुणाला नडतो

फोनमध्ये बॅट चेंडूला लागते आणि टोला जरा मागाहून ऐकू येतो. हा उशीर मिलिसेकंदांत मोजतात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. एसबीसी किंवा एएसीवर चालणाऱ्या साध्या इअरबड्समध्ये तो साधारण १५० ते २५० मिलिसेकंद असतो. यातला थोडा वेळ आवाज दाबण्यात आणि उलगडण्यात जातो. बराचसा जातो तो मुद्दाम केलेल्या साठवणीत. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरून ठेवलं की नळाला मध्येच पाणी गेलं तरी घरात कळत नाही. तसा इअरबड्समध्ये थोडा आवाज साठवून मग वाजवला जातो, म्हणजे हवेतला संपर्क क्षणभर तुटला तरी गाणं तुटत नाही. ‘गेमिंग मोड’ बहुतेक वेळा ही साठवणच कमी करतो. त्यामुळे उशीर घटतो, पण गर्दीत आवाज तुटण्याची शक्यता वाढते.

लॉसलेस आणि कमी उशीर यांची ओढाताण इथेच आहे. लॉसलेससाठी जास्त माहिती पाठवावी लागते, ती वाटेत हरवली तर पुन्हा पाठवायला वेळ लागतो, आणि त्या वेळापुरती साठवण हवी. उशीर कमी करायचा तर माहिती कमी आणि साठवण लहान हवी. त्याच अरुंद पट्ट्यात दोन्ही एकदम मिळवायला दोन्ही टोकांवर खास यंत्रणा लागते. म्हणूनच अ‍ॅपलला ते स्वतःच्याच दोन वस्तूंमध्ये, दोन्हीकडे एकच एच२ चिप बसवून साधावं लागलं.

किती उशीर चालतो? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दर मीटरला तीन मिलिसेकंद. सभागृहात दहा मीटरवर बसलेल्या श्रोत्याला गाणं तीस मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं आणि त्याला ते जाणवतही नाही. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत असं दिलं आहे, की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतं. उशिराला आपण जास्त सवलत देतो, कारण निसर्गातही वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो.

सिनेमा आणि यूट्यूब यांची काळजी करू नका. फोनवरचे बहुतेक व्हिडिओ अ‍ॅप इअरबड्सना किती उशीर होतो हे फोनला विचारून चित्र तेवढंच थांबवतात. त्यामुळे दोनशे मिलिसेकंद मागे असलेले इअरबड्सही ओठांशी जुळलेले वाटतात. गेममध्ये ही सोय नाही, कारण तुम्ही बोट दाबाल त्या क्षणी काय घडणार हे आधीपासून कुणालाच माहीत नसतं. तिथे उशीर उघडा पडतो.

संगीत शिकणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. तानपुऱ्याचं किंवा लेहऱ्याचं अ‍ॅप ब्लूटूथवर लावून रियाज करायला काहीही हरकत नाही. तानपुरा अख्खाच दोनशे मिलिसेकंद मागे असला तरी तुम्ही ऐकता आहात त्याच्याशीच सूर लावता. पण फोनवर पियानो, हार्मोनियम किंवा तबल्याचं अ‍ॅप बोटांनी वाजवायचं असेल, तर ब्लूटूथ इअरबड्स काढून ठेवा. बोट पडल्यावर आवाज पाव सेकंदाने आला तर हात नकळत पुढे धावतो किंवा अडखळतो, आणि लहान मुलांच्या हाताला तीच खोड लागू शकते. स्वतःचा आवाज कानात ऐकत कराओके गाणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे तारच हवी.

ऑनलाइन शिकवणीचं थोडं वेगळं आहे. पुण्यातले गुरू आणि न्यू जर्सीतला शिष्य यांच्यात बारा हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे वाट अगदी सरळ असती तरी एका दिशेला साठ मिलिसेकंद लागले असते. दोघांनी एकाच वेळी ठेका धरणं कुठल्याही इअरबड्सने शक्य होणार नाही. गुरूंनी गावं आणि शिष्याने मागून म्हणावं हीच रीत योग्य. मात्र दोन्ही टोकांवरचे ब्लूटूथ इअरबड्स या उशिरात आपली भर घालतात. आणि एक सूचना, जी बऱ्याच शिक्षकांना कुणी दिलेली नसते: मीटिंगची अ‍ॅप तानपुऱ्याचा सलग नाद गोंगाट समजून पुसून टाकतात. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाची सोय आहे, ती सुरू केली की सूर जगतात. नवे इअरबड्स घेण्याआधी हे करून बघा.

मीटिंग सुरू झाली की आवाज का बसतो?

लॅपटॉपवर गाणं छान वाजत असतं, कॉल लागतो आणि अचानक सगळं जुन्या टेलिफोनसारखं ऐकू येतं. अनेकांना इअरबड्स बिघडले असं वाटतं. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये संगीताची वाट एकाच दिशेची आहे. इअरबड्समधला माइक सुरू करायचा तर यंत्राला ती वाट सोडून बोलण्यासाठीच्या दुसऱ्या वाटेवर जावं लागतं, जिथे आवाज एकाच वाहिनीचा आणि ८ किंवा १६ किलोहर्ट्‌झ नमुन्यांचा असतो. उपाय फुकटचा आहे: मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये जाऊन स्पीकर म्हणून इअरबड्स आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. ऐकू येणारा आवाज लगेच सुधारतो, आणि शांत खोलीत समोरच्यालाही तुमचा आवाज बहुधा जास्त स्वच्छ जातो.

या दुखण्यावरचं कायमचं औषध म्हणजे २०२० मध्ये जाहीर झालेलं ‘एलई ऑडिओ’. त्यातला एलसी३ हा कोडेक कमी माहितीत एसबीसीपेक्षा चांगला आवाज देतो, बॅटरी कमी खातो, उशीर कमी करतो आणि माइक सुरू असतानाही दोन्ही कानांचा आवाज टिकवू शकतो. तो लॉसलेस मात्र नाही. माझं मत विचाराल तर लॉसलेसपेक्षा एलई ऑडिओ आहे का, हे पाहून घेतलेले इअरबड्स रोजच्या वापरात जास्त उपयोगी पडतील. फक्त फोन आणि लॅपटॉपमध्येही ते आहे ना, हे तपासा; ‘ब्लूटूथ ५.३’ एवढंच लिहिलेलं असलं म्हणून एलई ऑडिओ असतंच असं नाही.

परत करायची मुदत संपण्याआधी

इअरबड्स हातात आले की ही तपासणी आपल्याच फोनवर करा. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या यादीत इअरबड्सच्या नावाशेजारच्या चक्रावर टेकवा. तिथे एलडॅक किंवा ‘एचडी ऑडिओ’चं बटण अनेकदा बंदच असतं, ते चालू करा. नक्की कोणता कोडेक चालू आहे हे बघायचं तर ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टेकवा, म्हणजे ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात आणि त्यात ब्लूटूथ ऑडिओ कोडेकची ओळ दिसते. बाकी कशाला हात लावू नका. एलडॅक ९९० वर अडकवून ठेवला आणि रस्त्यावर आवाज तुटायला लागला, तर तो आपोआप बदलू द्या. सलग वाजणारे ६६० किलोबिट अडखळणाऱ्या ९९० पेक्षा चांगले. एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप जोडून ठेवायची सोय चालू केली की बऱ्याच इअरबड्समध्ये एलडॅक बंद पडतो, तेही बघून घ्या.

उशीर तपासायला यूट्यूब वापरू नका, वर सांगितल्याप्रमाणे ते चित्र थांबवून फरक लपवतं. पियानोचं कुठलंही फुकट अ‍ॅप उघडा, एकाच सुरावर ठेक्यात बोट टेकवा. आधी फोनच्या स्पीकरवर, मग इअरबड्सवर. मग गेमिंग मोड लावून. मग फोन मागच्या खिशात ठेवून दुसऱ्या खोलीत जा आणि गाणं तुटतं का ते बघा. दोन मिनिटांत खोक्यावरच्या आकड्यापेक्षा खरं उत्तर मिळतं.

टीव्हीला इअरबड्स जोडणार असाल, म्हणजे रात्री घरातले झोपल्यावर सामना बघायचा असेल, तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘एव्ही सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ शोधा. काही टीव्ही ब्लूटूथसाठी चित्र मागे घेतात, काही घेत नाहीत, आणि काही फक्त आवाज आणखी मागे ढकलू शकतात, ज्याचा इथे उपयोग नाही. तुमचा टीव्ही तिसऱ्या प्रकारचा निघाला, तर यूएसबीत खोचायच्या स्वतःच्या छोट्या ट्रान्समीटरसह मिळणारे २.४ गिगाहर्ट्‌झचे हेडफोन पाहा. गेमिंगसाठी विकले जातात, पण टीव्ही, कॉम्प्युटर आणि गेम कन्सोल तिन्हीकडे ते ब्लूटूथपेक्षा पुष्कळ कमी उशिराने चालतात. घेण्याआधी तुमचा टीव्ही यूएसबीतून आवाज बाहेर देतो का, एवढं मात्र विचारून घ्या.

आणि ज्याला लॉसलेस आणि शून्याच्या जवळ जाणारा उशीर दोन्ही खरोखर हवेत, त्याने तार घ्यावी. हेडफोनची गोल पिन फोनमधून गेली असली तरी यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटरचा छोटा जोड मिळतो. तो घेताना त्यात ‘डॅक’, म्हणजे अंकांचा आवाज करणारी चिप, आहे ना हे विचारा. नुसत्या तारांचा जोड अनेक फोनवर मुकाच राहतो. अ‍ॅपलचा असा जोड २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झपर्यंत आवाज देतो, आणि आयफोन १५ पासूनच्या यूएसबी-सी आयफोनलाही तो थेट लागतो. गाण्याच्या अ‍ॅपमध्ये लॉसलेसची निवड आपण स्वतः चालू करावी लागते, आणि मोबाइल डेटावर ती बंद ठेवलेली बरी: चार मिनिटांचं एक लॉसलेस गाणं सहज पंचवीस-तीस मेगाबाइट खातं.

आवाजाची पातळीही याच वेळी ठरवून टाका. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत अशी आहे, मुलांसाठी ७५. आयफोनमध्ये आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्ये कमाल पातळी बांधून ठेवता येते. रोज गोंगाटातून प्रवास करणाऱ्यांनी, दोन इअरबड्समध्ये निवड करायची वेळ आली तर, लॉसलेसऐवजी बाहेरचा आवाज चांगला अडवणारे घ्यावेत. डब्याची घरघर कमी झाली की आवाज वाढवावा लागत नाही, आणि गाण्यातला बारीक तपशीलही त्यानेच जास्त कळतो.